कंपनीचा दावा आणि आमचं फाटक

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी ती चौतीस वर्षं रोज चढलो, कारण मी तिथे नोकरीला होतो. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. निवृत्तीनंतर माणसाच्या ज्ञानाला गिऱ्हाईक उरत नाही. माझ्या ज्ञानाला मिळालं, आणि तेही अमेरिकेतल्या दाव्यासाठी.

सकाळी सातला नगरला, सावेडीतल्या एका टपरीवर आम्ही चौघं चहा प्यायचो. एकाचं औषधांचं दुकान. दुसऱ्याचं नागापूरला एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, म्हणजे ग्रिल, जिने, फाटकं. तिसरे राहुरीच्या कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले, पिकांवरच्या किडींचे प्राध्यापक. चौथा मी. मला सगळे भाऊसाहेब म्हणत. कोर्टातल्या कारकुनाला सगळा जिल्हा भाऊसाहेब म्हणतो, त्यात विशेष काही नाही.

दुकानदारांची मुलगी पुण्यात आयटीत आहे. तिने वडिलांच्या मोबाईलमध्ये एक ॲप घालून दिलं. त्यावर अमेरिकेतल्या कंपन्यांचे शेअर मिळायचे, आणि अख्खा परवडत नसेल तर कलिंगडाच्या फोडीसारखा तुकडासुद्धा मिळायचा. दुकानदारांनी तिथल्या एका बड्या मोबाईल-इंटरनेटवाल्या कंपनीचा तुकडा घेतला. ते बघून वर्कशॉपवाल्यांनी घेतला. प्राध्यापक म्हणाले की असल्या गोष्टी अभ्यासाशिवाय करू नयेत, आणि दोन दिवसांत त्यांनीही घेतला. मी घेतला नाही. सल्ला देणाऱ्याने स्वतः काही घ्यायचं नसतं, हे मी वकिलांकडे बघून शिकलो होतो.

मग कळलं की त्या कंपनीवर तिथल्या सरकारनेच दावा लावलाय. तडजोड झाली तर शेअर वर जाणार, निकाल लागला तर खड्ड्यात जाणार, असं जो तो सांगत होता. दुकानदारांनी चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "भाऊसाहेब, मिटवतील का हो?"

दावा काय आहे हे आधी मला समजून घ्यावं लागलं. प्राध्यापकांनी मोबाईलवरून वाचून दाखवलं आणि मी ते मराठीत आणलं. सरकारचं म्हणणं असं की बाजाराला जायच्या वाटेवर या कंपनीने स्वतःचं फाटक घातलंय. छोट्या धंदेवाल्याला गिऱ्हाइकापर्यंत जायचं तर याच फाटकातून, आणि हा म्हणेल त्या अटीवर. कंपनीचं म्हणणं असं की जागा आमची, फाटक आमचं, आणि ज्याला पटत नाही त्याला पलीकडून दुसरा रस्ता आहे.

"थोडक्यात, वहिवाटीचा दावा आहे," मी म्हणालो.

"दुसरा रस्ता आहे म्हणतात, पण कसला आहे?" प्राध्यापकांनी विचारलं.

"आहे ना. लांबचा असेल."

"मग तो रस्ता नाही, भाऊसाहेब. ती टाळाटाळ आहे."

मला राग आला. कोर्टात काम न केलेल्या माणसांना कायद्यावर बोलताना ऐकलं की मला येतोच. मी त्यांना मालकी हक्क म्हणजे काय ते चांगलं दहा मिनिटं समजावून सांगितलं. टपरीवाल्याने मध्ये दोनदा विचारलं की अजून चहा ठेवू का. माझं झाल्यावर वर्कशॉपवाले एवढंच म्हणाले, "तुमचं फाटक टिकलंय ना अजून? आपण त्याला चांगला जाड पाइप वापरला होता."

टिकलं होतं. ते फाटक नऊ वर्षांपूर्वी त्यांनीच बनवून दिलं होतं. ते कशासाठी हवंय हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

आमची जमीन मिरजगावजवळ. वाटणीत हमरस्त्याकडचा तुकडा मला आला आणि मागचा, विहीर आणि घर असलेला, थोरल्या भावाला. त्याची वाट माझ्या तुकड्यातून जायची. मी निवृत्तीनंतरची सोय म्हणून तिथे लिंबाची रोपं लावली. एका संध्याकाळी त्याच्या ट्रॅक्टरखाली त्यातली तीन गेली. तो म्हणाला, "झाडंच हायेत, परत लावू." मी म्हणालो, आधी चुकलं म्हण. तो म्हणाला, थोरल्याला शिकवू नकोस. पुढच्या महिन्यात मी फाटक बसवून कुलूप घातलं आणि त्याने कर्जतला, तालुक्याच्या कोर्टात दावा लावला. त्यात तो वादी आणि मी प्रतिवादी. उरलेली लिंबं दुसऱ्या उन्हाळ्यात पाण्यावाचून जळून गेली. फाटक राहिलं.

माझ्या वकिलांनी जबाब दिला की वादीस ओढ्याकडून दुसरा रस्ता उपलब्ध आहे. होताच. पावसाळ्यात तो ओढाच असायचा एवढंच.

नऊ वर्षं तारखा चालल्या. वकील दोघांनाही सांगायचे, प्रत्येक तारखेला पक्षकाराने यायची गरज नाही. भाऊ तरी यायचा. एकही तारीख त्याने चुकवली नाही. समोरच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसायचा, पुकारा झाला की उठायचा, पुढची तारीख ऐकली की जायचा. आम्ही बोलायचो नाही. मला तो त्याचा चिवटपणा वाटायचा. मीसुद्धा एकही तारीख चुकवत नव्हतो, पण माझी ती नोकरीतली सवय होती. एकदाच मला ताप होता म्हणून गेलो नाही. तेव्हा भावाने माझ्याच वकिलांना गाठून विचारलं होतं, का आला नाही म्हणून. मी बायकोला म्हणालो, बघ, एकतर्फी हुकूम मिळतोय का ते चाचपतोय.

यातलं काही मी टपरीवर सांगितलं नव्हतं. तिथे मी तडजोडीतला तज्ज्ञ होतो.

तज्ज्ञ होतोही. दावा मिटणार की नाही हे वकिलांच्या आधी मला कळायचं. माझे दोन आडाखे होते आणि ते मी टपरीवर मोकळेपणाने सांगितले. पहिला, तिकिटाचा. एका गावचे वादी-प्रतिवादी एकाच एसटीने येतात. तो पुरावा नाही, कारण एसटी एकच असते. तिकीट कोणी काढलं ते बघायचं. एकाने दोघांचं काढलं असेल, तर त्या दिवशी तडजोड पुरसीसचा कागद तयार ठेवायचा. पुरसीस म्हणजे आमचं मिटलं, असं दोघांनी सही करून कोर्टाला कळवायचं.

दुसरा आडाखा लग्नाचा. घरात मुलीचं लग्न ठरलं की दावा मिटतो. कारण मांडवात भाऊबंद उभे राहिले नाहीत तर सोयरे विचारतात, आणि विचारलं की सांगावं लागतं. मुलीच्या बापाला ते परवडत नाही. साखरपुडा आणि लग्न यांच्यामध्ये तो भाऊबंदाच्या दारात येतो, चहा घेतो आणि मिटवतो. हे मी कितीतरी वेळा बघितलं होतं.

"मोठ्या माणसांनाही लागू आहे का हे?" दुकानदारांनी विचारलं.

"मुलगी सगळ्यांनाच असते," मी म्हणालो. त्या वाक्याचा परिणाम काय होईल याची मला कल्पना नव्हती.

चार दिवसांनी दुकानदार टपरीवर आले ते मोबाईल पुढे धरूनच. त्यांनी कंपनीच्या सगळ्या बड्या अधिकाऱ्यांच्या घरची माहिती शोधली होती. बऱ्याच जणांची लग्नं दोनदोनदा झाली होती, पण ती धरायची नव्हती. सगळ्यांत वरच्या अधिकाऱ्याच्या मुलीचं मात्र खरंच ठरलं होतं. फोटोत ती एका समुद्राकाठी उभी होती आणि बाजूला एक दाढीवाला मुलगा होता.

"साखरपुडा झालाय," दुकानदार म्हणाले. "अंगठी बघा."

आम्ही अंगठी बघितली.

"पण सरकार काही त्यांचे भाऊबंद नाही," प्राध्यापक म्हणाले.

"भाऊबंदांपेक्षा जवळचं आहे," वर्कशॉपवाले म्हणाले. "माझ्याकडे तपासणीला दर महिन्याला येतं. भाऊबंद येत नाहीत."

त्या दिवशी दुकानदारांनी आणि वर्कशॉपवाल्यांनी आणखी तुकडे घेतले. प्राध्यापकांनी एक घेतला, प्रयोग म्हणून. मला माझ्या आडाख्याचा अभिमान वाटला. अमेरिकेच्या बाजारात मिरजगावचा अनुभव चालतोय ही साधी गोष्ट नव्हती.

त्याच आठवड्यात बायको भाजी घेऊन आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाली, "थोरल्यांच्या मुलीचं ठरलं. तुमची पुतणी. मिरजगावच्या एक बाई भेटल्या होत्या बाजारात."

मी पेपर वाचत होतो. तीच ओळ मी बराच वेळ वाचली.

म्हणजे भाऊ येणार होता. आडाख्याप्रमाणे दोन आठवड्यांत, फार तर तीन. तो वादी, दावा त्याने लावलेला, तेव्हा पहिलं पाऊल त्यानेच उचलायचं होतं, आणि उचलणारच होता. मी कागद घेतले आणि तडजोड पुरसीसचा मसुदा लिहून काढला. नोकरीत असले मसुदे शेकड्यांनी केले होते. हा मात्र दोनदा फाडून पुन्हा लिहिला. अटी दोनच घातल्या. ट्रॅक्टर एका कडेने न्यावा, आणि सावकाश न्यावा. मसुदा एका पाकिटात घातला आणि फाटकाची किल्लीही त्यातच टाकली, म्हणजे तो आला की चहा, सही आणि किल्ली, सगळं एका बैठकीत होईल. बायकोला सांगितलं, बरे कप बाहेर काढून ठेव.

"तुम्हीच जा की," ती म्हणाली. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण."

मी तिला कायदा समजावून सांगितला. ती ऐकता ऐकता आत गेली.

मला त्याने यावं असं फार वाटत होतं. हे तेव्हा मी कोणापुढे कबूल केलं नसतं. पण दाराची बेल वाजली की मी आधी सदरा घालायचो आणि मग दार उघडायचो. दूधवाला एकदा विचारून गेला, कुठे बाहेर निघालात का म्हणून.

तीन आठवडे झाले. एका दुपारी वहिनी आली. बरोबर शेजारची एक बाई होती. बायकोला हळदीकुंकू लावलं, अक्षत दिली, पत्रिका दिली. पोहे खाल्ले, चांगले झालेत म्हणाली. दाव्याचं नाव नाही. मी पाकीट घेऊन दोनदा बाहेरच्या खोलीत आलो आणि दोनदा आत गेलो. निघताना ती म्हणाली, "भावजी, यायचं बरं का." मी म्हणालो, बघू. एवढं कडू मी आयुष्यात काही बोललो नसेन.

पत्रिका उघडली. खाली निमंत्रकांमध्ये पहिलं नाव भावाचं होतं आणि दुसरं माझं. ज्याच्यावर दावा लावलाय त्याचंच नाव वादीने निमंत्रक म्हणून छापलं होतं, मला न विचारता. चौतीस वर्षांत असा कागद माझ्या टेबलावर आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर दुकानदार माझ्या आधी येऊन बसले होते. कंपनीने तडजोड केली होती. मुलीचं लग्न व्हायच्या आत. माझा आडाखा तंतोतंत खरा ठरला होता आणि शेअर पडला होता.

"मिटलं तर वर जायला पाहिजे ना?" वर्कशॉपवाले परत परत विचारत होते.

दुकानदारांनी मुलीला फोन लावला आणि तो कानावर ठेवूनच आम्हाला सांगितलं, "ती म्हणते, मिटणार हे बाजाराने आधीच धरलं होतं."

"म्हणजे मुलीचं लग्न सगळ्यांनाच माहीत होतं," प्राध्यापक म्हणाले.

कोणीही मला दोष दिला नाही. त्या दिवशीचे चहाचे पैसे मात्र मी द्यावेत असं सर्वांचं न बोलता ठरलं, आणि मी दिले. परक्या देशातला आडाखा बरोबर आला आणि घरातला चुकला, याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

लग्नाच्या दिवशी मी ठरवलं की आपणच किल्ली द्यायची. मांडव भावाच्या घरापुढे होता. फाटक उघडून, मधल्या वाटेने, सगळ्यांच्या देखत जायचं, असा माझा बेत होता. बायकोला तो सांगितला. ती म्हणाली, चला, उशीर होईल. मिरजगावला एसटीतून उतरलो, रिक्षा केली आणि फाटकाशी आलो. कुलपावर गंज चढला होता. गजांच्या पलीकडे, जिथून एकेकाळी ट्रॅक्टर जायचा, तिथे गाजरगवत छातीपर्यंत आलं होतं.

"किल्ली काढा," बायको म्हणाली.

"पाकिटात आहे."

"पाकीट?"

पाकीट सावेडीत टेबलावर होतं. मी खिसे चाचपत राहिलो, म्हणजे तिला लगेच कळू नये. तिला कळलं होतं.

रिक्षावाला म्हणाला, "हितनं कुठं जाता? ह्ये फाटक कवापासनं बंद हाय. नगरचा कोन तरी सायब हाय, त्यानं घातलंय. कोर्टात हुता म्हनं." बायको गाजरगवताकडे बघत होती. "वड्याच्या रस्त्यानं घेतो," तो म्हणाला. "लई चांगला रस्ता हाय."

मी माझ्या जबाबात नऊ वर्षं लिहून देत होतो तो खरोखर रस्ता झालेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. मुरूम टाकून दाबलेला, दोन टेम्पो आरामात जातील एवढा रुंद. ओढ्यावर सिमेंटच्या नळ्या टाकून वर भर घातलेली. सगळ्या वस्तीने मिळून केला म्हणे, आणि माझ्या भावाने त्यात स्वतःच्या जमिनीची पट्टी दिली. पुढे मांडवाचे टेम्पो, पाहुण्यांच्या गाड्या, सगळं ओळीने लावलेलं होतं. माझ्या फाटकावाचून कोणाचंही काहीही अडलं नव्हतं. मी ज्या किल्लीला जपत बसलो होतो तिची वाट इथे कोणी बघत नव्हतं.

भाऊ मांडवाच्या दारात फेटा बांधून उभा होता. मला बघून म्हणाला, "आलास व्हय? आधी फेटा बांधून घे." मग बाजूच्या सोयऱ्यांना म्हणाला, "माजा धाकला भाऊ. कोर्टात मोठा सायब हुता." मी मोठा साहेब कधीच नव्हतो. त्याला ते माहीत होतं.

अक्षता पडल्या, पंगती झाल्या. मुलगी निघताना माझ्या पाया पडली. संध्याकाळी माणसं पांगली. भाऊ घरामागे विहिरीजवळ बाजेवर टेकला होता. मी जाऊन शेजारी बसलो.

"दादा, दावा मिटवू," मी म्हणालो. "फाटक उघडतो."

"कशाला? रस्ता हाय की आता."

"केव्हापासून?"

"झाली चार वर्षं."

चार वर्षं. मी मनात तारखा मोजल्या. "मग दावा काढून का नाही घेतलास? वकिलाने सांगितलं नाही?"

"सांगितलं की. दर येळंला सांगतो." त्याने फेटा काढला आणि मांडीवर ठेवला, कोर्टात टोपी ठेवायचा तसा.

"तारखेला तरी दिसतोस," तो म्हणाला.

थोड्या वेळाने वहिनी चहा घेऊन आली आणि आम्ही तो प्यायलो.

पुढची तारीख महिन्याभराने होती. मी आदल्या दिवशीच मिरजगावला मुक्कामाला गेलो. सकाळी दोघं मिळून स्टँडवर आलो. पुरसीसचं पाकीट माझ्या पिशवीत होतं. एसटीत खिडकीजवळ तो बसला, शेजारी मी. कंडक्टर आला तसा मी खिशात हात घातला. तोवर त्याचा हात माझ्या अंगावरून पुढे गेला होता.

"दोन कर्जत," तो म्हणाला.